डाव्या कोपऱ्यातली पकड

रविवारी दुपारी साडेचारला, लातूरच्या क्रीडा संकुलात, नांदेडच्या लुबनाने हातात आलेला घोटा सोडला. विभागीय कबड्डीचा अंतिम सामना होता आणि शेवटची चढाई. लातूरची मृण्मयी फरफटत मध्यरेषेला पोचली. नांदेड एका गुणाने हरले.

लुबना डावा कोपरा सांभाळते. तिच्या पकडीतून या स्पर्धेत कोणी सुटले नव्हते.

"आपा, माहेरवाशीण होती का गं ती आपली?" कर्णधार रुद्राणीने लुबनासमोर पाण्याची बाटली आपटली. "ओटी भरून लावून द्यायची राहिली बघ!"

कोणी हसले नाही. प्रशिक्षक अमृतरावांनी लुबनाला गुणफलकामागे नेले.

"सुटला का सोडला?"

"सुटला, सर."

"मोबाईलवर बघितलंय म्या. तिनं झटका द्यायच्या आधीच बोटं उघडली तुझी. निवड समितीवाले इचारून राहिलेत, पोरी ठरवून हरल्या का म्हणून. काय सांगू त्यांना?"

राज्य संघाची नावे त्याच संध्याकाळी ठरणार होती. मृण्मयीचे नाव जवळपास नक्की होते, लुबनाचेही. आता ठरवून हरल्याचा ठपका बसला, तर लुबनाचे खेळणेच बंद झाले असते.

खरे कारण दोघींनाच माहीत होते. चाकूरच्या एका स्पर्धेत मृण्मयीचा उजवा घोटा मुरगळला होता. निवड तोंडावर आलेली, म्हणून तिने प्रशिक्षकांपासून आणि घरच्यांपासून ते लपवले. फोन केला तो लुबनाला. सरावाला जाते असे घरी सांगून लुबना एसटीने चाकूरला गेली आणि दुपारभर तिच्या पायाला बर्फ लावत बसली. कबड्डीच्या शिबिरात भेटल्यापासून दोघींचे जमले होते. दोन्ही घरांत त्याला मैत्री म्हणत. लुबनासाठी नायगावचे एक स्थळ अब्बांनी बघूनही ठेवले होते.

आज मॅटवर लुबनाच्या बोटांना मृण्मयीच्या घोट्यावरच्या पट्टीखालची सूज लागली आणि हात उघडले. विचार करायला तेवढा वेळच नव्हता.

पाण्याच्या टाकीमागे मृण्मयी तिला गाठून म्हणाली, "सांगून टाक. माझा पाय दुखावलाय म्हणून सोडलास."

"तुझं नाव जाईल, यार."

"जाऊ दे."

"आणि तुला कसं ठाऊक, असं इचारलं तर? तुझ्या आईलाबी म्हाईत न्हाई ते."

"मैत्रीण आहे म्हणावं."

"मैत्रीण तर रुद्राणीबी हाय. तिचा पाय सोडला असता का मी?"

तेवढ्यात दोघींना आत बोलावले.

समितीत चंद्रप्रभाबाई होत्या. त्या स्वतः कोपऱ्यात खेळलेल्या. मोबाईलवरचे दृश्य त्यांनी पुन्हा पाहिले नाही.

"सुटला म्हणतेस ना? मग तोंडी नको. दोघी मॅटवर या. तीच चढाई, तीच पकड. नीट धरलास तर मघाशी सुटला असं मानू. पुन्हा हात उघडले, तर मग काय ते कळेलच."

"बाई, पोरी दमल्यात," अमृतराव म्हणाले.

"मग लवकर आटपू."

मॅटकडे जाताना मृण्मयीने बूट बांधायला वाकल्यासारखे केले.

"घट्ट धर," ती पुटपुटली. "या वेळी सोडलास तर तोंड बघणार नाही तुझं."

"अन् काही तुटलं तर?"

"माझा पाय आहे."

"निस्ता तुझाच हाय का?"

चंद्रप्रभाबाईंनी बोलणे थांबवायला टाळी वाजवली. नांदेडच्या मुली साखळी करून उभ्या राहिल्या. रुद्राणीने लुबनाचा हात धरला आणि लगेच तिच्याकडे वळून पाहिले. तो हात गार पडला होता.

पंचांनी शिट्टी दिली आहे. मृण्मयीने मध्यरेषा ओलांडली आहे, तिचा दम सगळ्या सभागृहात ऐकू येतो आहे. ती सरळ डाव्या कोपऱ्याकडे निघाली आहे, तोच दुखरा उजवा पाय पुढे टाकत.