चार नंबर सोडून

महाप्याच्या एका रसायन कारखान्यात सुचिता कामाचे परवाने टाइप करायची. सारसोळ्याच्या त्यांच्या घरातून ऑफिसात नोकरीला लागलेली ती पहिलीच. इंग्रजी तिला बऱ्यापैकी यायचं, फक्त सारख्या वाजणाऱ्या क्रियापदांच्या स्पेलिंगात गडबड व्हायची. ‘लूज’ म्हणजे हरवणं आणि ‘लूज’ म्हणजे सैल यांत कुणाला ‘ओ’ किती, हे तिला कधीच आठवायचं नाही. कानाला पटेल ते ती टाइप करायची. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

मार्चातल्या एका दुपारी केमिस्टनं फोनवर सांगितलं, एक ते सहा टाक्या साफ करायला मोकळ्या, ‘एक्सेप्ट फोर’. म्हणजे चार सोडून. सुचितानं तो शब्द इ-एक्सनं सुरू करायच्या ऐवजी ए-सी-सीनं लिहिला. अर्थ उलटा झाला: चार स्वीकारा, म्हणजे चारही चालेल. केमिस्टनं न वाचताच सही ठोकली.

सुपरवायझर मानसिंगनं परवान्याचा कागद घेतला आणि धनाजीला कामाला लावलं. धनाजी साताऱ्याकडचा, चाळिशीचा, विचारून विचारून काम करणारा. जाता जाता तो सुचिताच्या टेबलापाशी थांबला.

“ताई, चारमधी काल वास येत हुता. त्यातबी जायचं न्हवं?”

“कागदावर आहे ना? मग जा,” जेवणाच्या डब्याचं झाकण उघडत ती म्हणाली.

अर्ध्या तासानं भोंगा वाजला. चार नंबरच्या टाकीतून धनाजीला दोरानं वर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

चौकशी लागली. साहेबलोकांनी स्पेलिंगकडे न बघता तो शब्द ‘चार सोडून’ असाच वाचला आणि कागदावर मनाई असताना माणूस उतरवला म्हणून चौकशी संपेपर्यंत मानसिंगला घरी बसवलं. केमिस्ट गप्प राहिला. सुचिताही.

पण तिला ऐकू यायला लागलं. दुपारी डबा उघडला की टेबलाच्या डाव्या बाजूनं, अगदी हळू: “जायचं न्हवं?” ती वळून बघायची. कुणी नसायचं. तिनं जेवणाची वेळ बदलली, जागा बदलली. प्रश्न तिथेही आला. घरी वहीत तिनं दोन्ही शब्द पानंच्या पानं गिरवले. आता ते झोपेतही चुकले नसते. त्याचा उपयोग काय, हे तिला कळत नव्हतं.

शेवटी ती नेरूळला मानसिंगच्या खोलीवर गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मानसिंगनं एक कागद काढला. मग त्यानं पेन पुढं केलं.

“दोनी लिवून दाव.”

तिनं लिहिले. तो एकाकडं बघे, मग दुसऱ्याकडं.

“ह्यातला जायाचा कुठला?” त्यानं विचारलं. “मला दोनी सारखंच दिसत्यात. तू बरोबर लिवलं असतंस तरी मी त्याला धाडलाच असता बघ.”

तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिला कळलं, कागद कुणी वाचतच नव्हतं; धनाजीनं विचारलं होतं ते तिलाच.

तिथूनच ती धनाजीच्या घरी गेली. त्याची बायको वेणूबाई नुकतीच कामावरून आली होती. सुचिता उंबऱ्याशी उभी राहूनच बोलली. फोन, स्पेलिंग, केमिस्टची सही, सगळं. डब्याचंही सांगितलं.

“त्यांनी इचारलं हुतं तुमाला?” वेणूबाईनं विचारलं.

“हो.”

“आन् तुमी जा म्हनला.”

“हो.”

वेणूबाई आत गेली. आता दार लागणार असं सुचिताला वाटलं. पण ती मुलीची शाळेची वही घेऊन आली.

“हे समदं लिवून द्या. मराठीत. उद्या चौकशीच्या सायबापुढं ठेवती.”

नोकरी जाणार, कदाचित पोलीस केसही होणार, हे सुचिताला दिसत होतं. तरी तिनं उंबऱ्यावर बसून दीड पान लिहिलं. खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि वही पुढं धरली.

वेणूबाईनं ती घेतली नाही. “मला वाचाया येत न्हाय. तुमीच वाचा.”

सुचितानं वाचलं. ‘धनाजी यांनी मला विचारले’ या ओळीवर ती अडखळली, पण तिनं शेवटपर्यंत वाचलं.

वेणूबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती.

“परत वाचा,” ती म्हणाली. “त्येंचं बोलनं जितनं हाय, तितनं.”