दसऱ्याला हार घातलेली टाकी

मालिनी एम.एस्सी. झाली, मग एलएल.बी. झाली, मग आई झाली. पैकी शेवटचीच पदवी कात्रपच्या शेजारणींना समजली. पेटंटची वकील म्हणजे काय, हे सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सांगून ती थकली होती.

"रसायनवाले तुला वकील समजतात, वकील तुला मास्तरीण समजतात," अण्णा म्हणत. "मग शाळेतच शिकव की."

शेवटी तह झाला. दिवाळीपर्यंत एक तरी अर्ज दाखल झाला तर वकिली, नाहीतर अण्णांनी बघून ठेवलेली शाळा.

अर्ज होता. अंबरनाथच्या हेमचंद्र वैद्यांनी कापड रंगवून उरलेल्या पाण्यातून रंग परत काढणारी टाकी बनवली होती. मालिनी एका हातानं तान्ह्या उमाची झोळी हलवत दुसऱ्यानं टाकीचं वर्णन लिही. पोरीनं झोपेत तिचं बोट मुठीत धरलं, की झोळी थांबे, लिहिणंही थांबे. ते बोट सोडवून घेणं तिच्या जिवावर येई.

"अर्ज जाईपर्यंत टाकी कुणाला दाखवू नका," तिनं वैद्यांना बजावलं. "जगजाहीर गोष्टीचं पेटंट मिळत नाही."

"मॅडम, मी काय खुळा आहे? पण अर्ज दसऱ्यालाच. मुहूर्त आहे."

"दसऱ्याला कचेरी बंद असते."

"मग दुसऱ्या दिवशी. आधी पूजा."

पूजा यथासांग झाली. दुसऱ्या दिवशी वैद्य पेढे घेऊन हजर.

"कारखाना सगळ्यांना खुला ठेवला होता. टाकीला सर्वांत मोठा हार. उल्हासनगरचे जीन्सवाले शेठ आले होते. म्हणाले, 'साईं, अंदर क्या डाला है?' सणासुदीला पाहुण्याला नाही कसं म्हणणार?"

"मग?"

"झाकण उघडून दाखवलं. थर, प्रमाण, सगळं. फार खूश झाले."

मालिनीनं हातातला पेढा खाली ठेवला.

"अर्जात लिहा ना, कुणी पाहिलं नाही म्हणून," वैद्य म्हणाले. "प्रसादाला आलेली माणसं कुठे धरतात?"

"कायद्यात प्रसादाला सूट नाही. खोटं मी लिहिणार नाही."

"तुम्ही फारच शिकलात," वैद्य दुखावले आणि दुसरा वकील शोधायला गेले. पेढे तेवढे ठेवून गेले.

अण्णांनी एक पेढा तोंडात टाकला. "शाळेला काय कळवू?"

"येते म्हणून कळवा."

दिवाळीनंतर तिनं आठवीला ऑक्सिजन शिकवला. त्यावर अजून कुणाचा हक्क नव्हता, एवढी सोय होती.