ब्रेझोवाचा थिजलेला आकडा

“उणे वीस, लेकी. उणे वीस. वर सगळी लाल पोरं गाढ झोपलीत.”

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खुर्चीवर बसून माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. आई शीतगृहाच्या कचेरीत फोन सांभाळायची, आणि शाळा सुटली की मी तिथेच. दर तासाला ब्रेझोवा डोंगरावरून पेर्सिदा आत्याचा फोन यायचा. वरच्या शीतगृहाच्या दारावरचा तापमानाचा काटा बघायचा आणि खाली सांगायचा, एवढंच तिचं काम. पण आत्या आकडा नुसता सांगायची नाही, त्याला पांघरूण घालायची. लाल पोरं म्हणजे रासबेरी. आमच्या मुलखात रासबेरी पोरांसारखी वाढवतात आणि पोरांहून जास्त जपतात.

मग खोकं आलं.

करड्या रंगाचं, भिंतीवर टांगलेलं, हिरवे दिवे लुकलुकणारं. फोन त्यातून, कॉम्प्युटरही त्यातूनच. कचेरीतल्या प्रत्येक यंत्राला पत्ता तेच देणार, बाहेरच्या चोराला उंबऱ्यावर तेच अडवणार, आणि खालचं गाव न् वरचा डोंगर एका तारेने तेच बांधणार. माणसांचं बोलणं त्या तारेतून, शीतगृहाचे आकडेही त्याच तारेतून. वरचा आकडा आता आपला आपण खाली कचेरीत येऊ लागला. दारावरचा जुना काटा काढून फेकला, आत्याला खाली आणून कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं. आईच्या मागे फोन माझ्याकडे आले होते, म्हणून आत्याची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून.

खोकं बसवलं विदोयेने. शहाणा माणूस, तोलून बोलणारा. आमच्या डायरेक्टरचा, ल्युबिशाचा, तो कूम. ल्युबिशाच्या लग्नात साक्षीला हाच उभा राहिला, त्याच्या दोन्ही लेकरांना बाप्तिस्म्याच्या पाण्यातून यानेच हातांवर उचलून घेतलं. आमच्याकडे देवाच्या खालोखाल कूम.

ल्युबिशाचं घर वर ब्रेझोवाला, शीतगृहापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या घराण्याचा संत पेत्रोस, म्हणून पेत्रोव्हदानला, त्या संताच्या दिवशी, त्याच्याकडे स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण. जुलै महिना, ऐन हंगाम. पण त्या दिवशी फळाला कोणी हात लावत नाही. म्हणून आदल्या दिवशी अख्ख्या डोंगराने दुप्पट तोडलं, बायकांची बोटं संध्याकाळपर्यंत काळीनिळी झाली, आणि ते सगळं ताजं फळ गोठायला वर ठेवून दाराला कुलूप लागलं. आत यंत्र एकटंच घरघरत राहिलं.

स्लावाला ज्याला जाता येत नाही तो फोन करतो. डायरेक्टरची स्लावा म्हटल्यावर पेट्या विकणाऱ्यापासून राजधानीतल्या बड्यांपर्यंत सगळ्यांचे फोन. ते यायचे कचेरीच्या नंबरवर, आणि खोकं त्याच एका तारेने ते वर त्याच्या घरी वाजवायचं.

त्या दिवशी कचेरीत आम्ही दोघीच होतो.

“स्ताना, हा आकडा मेलाय,” दुपारी आत्या म्हणाली.

“मेलाय म्हणजे?”

“सकाळपासून उणे वीस. ना वर, ना खाली. जितं यंत्र श्वास घेतं गं, थोडं तरी हलतं. वर ल्युबिशाकडे लाव फोन.”

मी लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. मोबाइलला ब्रेझोवावर रेंज नाही, आणि सणाची बस नाही.

“काय करतायत काय वर?”

“कोकरू कापतायत, आत्या. शुभेच्छा घेतायत.”

“घेऊ देत. पोट भरलं की उचलतील.”

संध्याकाळ झाली तरी एंगेजच. त्या फोनला आमच्यासाठी जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वरच्या शीतगृहाचं दार उघडलं तेव्हा उंबऱ्याखालून लाल ओहोळ वाहत आला होता. गोड, आंबूस, माश्यांनी भरलेला. यंत्र पेत्रोव्हदानच्या सकाळीच बंद पडलं होतं. शेतकरी टोप्या हातात घेऊन उभे राहिले, घरात कोणी गेल्यावर राहतात तसे. ओब्राद म्हातारा वाकला, त्या रसात बोट बुडवलं, आणि विजारीला पुसलं.

“पडद्यासमोर बाई बसवली होती,” ल्युबिशा म्हणाला. “डुलकी लागली असेल. वय झालं.”

एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पण दुपारपर्यंत ते वाक्य डोंगर उतरून आलं, आणि बेकरीतल्या बाईने आत्याला पाव देताना तोंड फिरवलं. चाळीस वर्षं या बाईने दुसऱ्यांच्या फळांची झोप राखली होती. मी सांगत सुटले, की आकडा थिजला होता, आम्ही फोन लावले होते. “तू तिची भाची,” लोक म्हणाले. “तू आणखी काय सांगणार?”

माझं डोकं फिरलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. स्लावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत पोचले तेव्हा विदोये आधीच आला होता. खोक्यापुढे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून त्याने झाकण मिटलं.

मी त्याला त्याच्या घरी गाठलं. तो अंगणात मिरच्यांना पाणी घालत होता.

“विदोये, आकडा का थिजला?”

“यंत्रांचं होतं असं कधीकधी.”

“मिरच्यांना सांग ते. तारेतून आधी कोण जातं?”

त्याने झारी खाली ठेवली. “आवाज. आवाज अडखळला की माणूस लगेच बोंब मारतो. आकडा मागे राहिला तर कोण बोंब मारतंय? म्हणून खोक्याला सांगून ठेवायचं, आवाजाला आधी सोड. आकड्यांसाठी थोडी वाट राखायची.”

“पेत्रोव्हदानला राखली होतीस?”

त्याने एका मिरचीचं वाळलेलं पान खुडलं.

“मी तुला विचारतेय. माझी आत्या चोरासारखी घरात बसलीय.”

“स्ताना, कूम म्हणजे बटण नव्हे, तुटलं की दुसरं शिवायला.”

“आणि पेर्सिदा काय आहे? चिंधी?”

“मला नाही बोलता येत,” तो म्हणाला, आणि पुन्हा झारी उचलली. ती रिकामी होती. मी फाटक इतक्या जोरात आपटलं की शेजारची कुत्री उठली. रस्ताभर मी त्याला शिव्या घालत आले. ज्या शिव्या आमच्याकडे बायका देत नाहीत, त्यासुद्धा.

रविवारी, चर्च सुटल्यावर, ल्युबिशाने सगळ्यांना वजनकाट्याच्या छपराखाली बोलावलं. लोकांसमोर एकदाचा निकाल लावायचा म्हणे. आत्या कामाचा पांढरा एप्रन बांधून आली. मी म्हटलं होतं, नको बांधूस. ती म्हणाली, “मी कामावर चाललेय. त्यांना काय वाटतं ते त्यांचं.”

“पेर्सिदाचा आपण मान ठेवतो,” ल्युबिशा म्हणाला. त्याचा आवाज गोड होता, आणि त्या गोडव्यानेच माझ्या मुठी वळल्या. “पण फळ गेलं ते गेलं. तिने आपणहून बाजूला व्हावं. भांडण नको, पोलीस नको. कूमा, तू सांग यांना. मशीन खोटं बोलतं का?”

विदोये खांबाला टेकून उभा होता. “मशीन खोटं बोलत नाही,” तो म्हणाला.

गर्दीतून ओब्राद बोलला, “मग सोड की एप्रन, बाई. माझं अख्खं वर्ष वाहून गेलं.”

आत्याने हात मागे नेले. गाठ पक्की बसली होती, ती सुटेना. मी पुढे झाले तशी ती म्हणाली, “राहू दे, मला येतं.” कोणी हललं नाही. ती आपली सगळ्यांसमोर स्वतःच्या पाठीशी झटत राहिली.

“घाई नाही, पेर्सिदा,” ल्युबिशा मायेने म्हणाला. “सावकाश.”

“हात खाली घे, पेर्सिदा.”

आवाज विदोयेचा होता. ल्युबिशाने मान वळवली. “कूमा?”

“मशीन खोटं बोलत नाही. त्याला जे सांगाल ते करतं. गेल्या स्लावाला याचे फोन तुटत होते, लोकांत हसं झालं. म्हणून या वर्षी मला म्हणाला, सगळी वाट आवाजाला दे. मी म्हटलं, आकडे अडकतील. म्हणाला, एका दिवसाने काय होतंय. मी दिली. नवा आकडा आला नाही की पडदा जुनाच दाखवत राहतो. पेर्सिदा सकाळचा आकडा बघत होती. मी वर टेबलाशी बसून कोकरू खात होतो.”

“विदोये, बस झालं,” ल्युबिशा म्हणाला.

“नाही झालं.” विदोये ओब्रादकडे बघून बोलला, कूमाकडे नाही. “दार उघडायच्या आधी, पहाटे, याने मला हलवून उठवलं. दाराखालून रस येताना याने पाहिला होता. म्हणाला, आधी खाली जा, खोकं पहिल्यासारखं कर, कोणाला कळायला नको, मग आपण कुलूप काढू.”