तिसरं कोटेशन

लॅपटॉप मोडल्यात खटखट आत्याचा फायदा काय, असं कुणी विचारलं असतं तर तिने कानावर हात ठेवले असते. पण हिशेब सरळ होता. लॅपटॉप धड होता तोवर दादाचा फोन वर्षातून दोनदा यायचा. एकदा तिच्या वाढदिवसाला आणि एकदा त्याच्या स्वतःच्या, कारण ती विसरेल याची त्याला खात्री. लॅपटॉपची बिजागरी निखळली आणि फोन रोज संध्याकाळी यायला लागला.

"ऐकतेस ना? कागद घेऊन बस," दादा सांगत होता. "नव्या मॉडेलचं डबडं तेच आहे. आतला प्रोसेसर तेवढा नवा. स्क्रीन जरा उजळ. आणि बॅटरी, हे लिही, अठरा तास."

तो वाचत होता तीच जाहिरात आत्याच्या समोर उघडी होती. तिच्यात तेरा तास लिहिलं होतं. ढळढळीत तेरा.

"अठरा? मला कुठेतरी तेरा वाचल्यासारखं वाटतंय."

"तेरा कसे असतील? मी स्वतः वाचलंय. थांब, परत बघतो. उद्या सांगतो तुला."

"सांग. घाई कुठेय?"

उद्याची सोय झाली. आत्याने फोन ठेवला आणि खुशीत चहा टाकला.

त्या घरात फोन हा कामासाठी असे. वडील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. जन्मभर दुसऱ्यांच्या गप्पा जोडून देऊन त्यांना बोलण्याचाच वीट आला होता. "काम काय ते बोला आणि ठेवा," हा त्यांचा कायदा. वडील गेले, एक्स्चेंज गेलं, कायदा तेवढा दोघा भावंडांनी वाटणीत घेतला. नुसती आठवण आली म्हणून फोन करणं म्हणजे उघड्या अंगाने दारात उभं राहण्यासारखं. आठवण यायची, पण काम काय सांगणार?

आता काम होतं. आणि काय काम! कंपनीने आत्याच्याच लॅपटॉपच्या जातीचं नवं मॉडेल काढलं होतं, गेल्या वर्षीचं सवलतीत दुकानात पडून होतं. जुनं स्वस्तात घ्यावं, की नव्याला जास्त मोजावेत? नव्यात जास्तीचं नेमकं आहे काय? दादा कारखान्याच्या खरेदी खात्यातून निवृत्त झालेला. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्याने कारखान्यात साधा खिळा येऊ दिला नव्हता. "लग्नाच्या वेळीसुद्धा तीन स्थळं बघितली यांनी," वहिनी सांगायची. "मी त्यातलं सर्वांत स्वस्त." असा माणूस एका लॅपटॉपवर महिनाभर आरामात काढील, हे आत्याने पहिल्याच फोनला ओळखलं होतं.

तिचं स्वतःचं काम टंकलेखनाचं. मुलाखती, सभा, चौकशा यांची ध्वनिमुद्रणं यायची, ती ऐकून टाइप करायची. कानावर हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की माणूस बोलायला लागे, पाय उचलला की गप्प. या खटखटीवरूनच दादाच्या मुलांनी लहानपणी तिला नाव ठेवलं होतं. मुलं मोठी होऊन पांगली, नाव तिच्याकडेच राहिलं. दिवसभर तिच्या कानात माणसं बोलत. त्यांतलं एकही तिच्याशी बोलत नसे. निखळलेल्या स्क्रीनला मागून टेकू हवा म्हणून तिने वडिलांची जुनी, केव्हाच बंद पडलेली इस्त्री लावली होती. काम निभत होतं. निभत नसतं तर तिला घाई झाली असती.

आता रोज नवी शंका आणायची कुठून? त्यासाठी ती दुकानात जाई. दुकानदार पहिल्या खेपेला तिला 'मॅडम' म्हणाला, तिसऱ्या खेपेला 'ताई' आणि आता 'मावशी'. गिऱ्हाइकाची आशा सुटत गेली की नातं असं जवळ येत जातं.

"मावशी, आज काय काढलंत?"

"या नव्याला मोठं भोक एकच आहे. जुन्याला दोन होती. माझं पेडल एकात जातं, मग माउस कुठे लावू?"

"जोडणी मिळते त्याची. एवढीशी असते."

"आणि कीबोर्डवरचे हे बाणांचे खटके बारीक का केलेत?"

"कंपनीला विचारतो हं," दुकानदार गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "तोवर खुर्ची देऊ का? उभं राहून पाय दुखतील. नाहीतर असं करा, इथेच कामाला लागा. माझ्या पोरांपेक्षा जास्त माहिती आहे तुम्हाला."

आत्या हसली. बाणांचे खटके तिने संध्याकाळसाठी बांधून घेतले. दादा त्यावर तीन दिवस बोलला. खटक्यांची मापं काढतो म्हणाला, काढली, आणि चुकीची काढली. आठचे तीन, तिनाचे आठ. किंमतही एकदा अशीच भलती सांगितली. आत्याला प्रत्येक चूक दिसे. ती प्रत्येक चूक जपून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी हलकेच पुढे सरकवी. "दादा, ते परत एकदा बघशील का?" बघायला त्याला एक दिवस लागे. चुका अशा पिकत राहिल्या तर पुढचं मॉडेल येईपर्यंत सहज निभलं असतं.

एका दुपारी फोन वाजला. दादाची वेळ नव्हती. वहिनी होती.

"वन्सं, कामात आहात का?"

आत्याने पेडलवरचा पाय उचलला. कानातला माणूस अर्ध्या वाक्यात गप्प झाला. "बोला ना."

"हे केस कापायला गेलेत म्हणून फोन केला. मी सांगितलं असं सांगू नका. तुमचं ते लॅपटॉपचं एकदा ठरवून टाका हो."

"का? दादाला त्रास होतोय का?"

"त्रास कसला, नवरदेवासारखे बसतात फोनला! पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे त्यांच्या. पार पिकलाय. डावाही त्याच वाटेवर. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, यांनी दोनदा फिरवली. म्हणे ऑपरेशननंतर स्क्रीन बघू देणार नाहीत, आधी तिचं ठरू दे. भिंग घेऊन बसतात, वन्सं. नाक टेकतं स्क्रीनला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर अवघड होईल."

आत्याच्या डोळ्यांपुढे आठ आणि तीन आले. सगळे आठ, सगळे तीन.

"मला काही बोलला नाही तो," ती म्हणाली.

"तुम्हाला कशाला बोलतील? ते काय काम आहे?" वहिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

संध्याकाळी दादाचा फोन आला, नेहमीपेक्षा उत्साहात.

"हे बघ, दोन दुकानांचे भाव हातात आहेत. तिसऱ्याने उद्या पाठवतो म्हटलंय. तिसरं आलं की तक्ता करू. शिवाय मी काय म्हणतो, तुझं निभतंय ना? मग पुढच्या मॉडेलची वाट बघायला काय हरकत आहे?"

हेच वाक्य आत्याने स्वतः अडीनडीला राखून ठेवलेलं होतं. दादाने ते आपणहून ताटात वाढलं.

"दादा, मी घेतला."

"काय घेतलास?"

"लॅपटॉप."

पलीकडे इतकी शांतता झाली की आत्याचा पाय सवयीने पेडलवर गेला.

"कोणता?"

हे तिने ठरवलंच नव्हतं. "नवा."

"नवा? पूर्ण किमतीला? अगं, त्यात आहे काय नवं? आणि तुझं पेडल?"

"जोडणी मिळते. एवढीशी असते."

"पण तिसरं कोटेशन..."

"रागावलास?"

"छे! तुझे पैसे, तुझी अक्कल. बरं झालं, सुटलो एकदाचा." तो ठेवेना. भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "म्हणजे आता काही काम राहिलं नाही."

"माझं नाही. तुझं आहे का काही?"

"माझं काय असणार? डोळ्याचं एक किरकोळ आहे. उरकून टाकतो."

"टाक," आत्या म्हणाली. "घाई कर." आणि आपण फार बोललो की काय असं वाटून तिनेच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन खरंच नवा घेऊन आली. दुकानदाराने दोनदा विचारलं, "नक्की ना? मावशी, तुम्हीच म्हणालात, फार काही बदललेलं नाही." बिल फाडताना मात्र त्याने तिला पुन्हा 'मॅडम' म्हटलं.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन निर्विघ्न पार पडल्याचं वहिनीने कळवलं. त्यानंतर रोजची संध्याकाळ मोकळी जायला लागली. आणि मग एकदा दादाचा फोन आला.

"लख्ख दिसतंय. घरात एवढी जळमटं आहेत हे मला माहीत नव्हतं. तुझ्या वहिनीला सांगितलं तर तिने झाडूच हातात दिला." तो हसला. "ती जाहिरात परत वाचली मी. बॅटरी तेराच तास."

"हो का?"

"तू म्हणाली होतीस तेरा. तेव्हा ठामपणे सांगायचं की."

"तू बघतो म्हणालास."

"हं." बराच वेळ दोघांपैकी कुणीच ठेवलं नाही. वडील असते तर ओरडले असते. "आणि मशीन कसं आहे? काही तक्रार?"

आत्याने लॅपटॉपकडे पाहिलं. आणल्या दिवशी तिने त्याचा एक एक खटका दाबून पाहिला होता, बारीक बाणांसकट. एकही अडकला नव्हता. जोडणीत पेडल चपखल बसलं होतं. बॅटरीसुद्धा सांगितल्याइतकी चालत होती.

"नाही रे. काहीच तक्रार नाही."

"मग ठेवतो," दादा म्हणाला.

आत्याने हेडफोन लावले. पाय पेडलवर गेला आणि कुठलातरी माणूस कुणालातरी कसल्यातरी सभेचा वृत्तान्त सांगू लागला. नव्या लॅपटॉपची स्क्रीन आपल्या बळावर ताठ उभी होती. तरी मागची इस्त्री आत्याने काढली नव्हती. या व्यवहारात दुकानदाराचा माल खपला, दादाला डोळे मिळाले, वहिनीचा घोर मिटला. बिल आत्याच्या नावावर होतं.