तांब्यावरचा थेंब

नेकनूरच्या अलीकडच्या वाडीत पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा, पण बंद पडलेल्या सहकारी डेअरीपुढं रांग रोज असायची. आत एका तांब्याच्या काठावर थेंब लटकला होता आणि ऐन दुष्काळात तो वाळत नव्हता.

याच डेअरीत दुधाची फॅट मोजणारा गहिनीनाथ आता महाराज झाला होता. फॅट मोजताना होता तितकाच खोटा.

"दुधाची चिठ्ठी मिळायची त्या खिडकीतूनच दर्शन. डावा डोळा झाका, देवाला एकच डोळा लागतो. हात लावला की थेंब आटंल, अन् गावची हीर बी," तो रांगेला बजावायचा.

ड्रॉइंगचे मास्तर बंकट रांगेतून खिडकीशी आले आणि जागीच थिजले. पितळी तांब्या, दोन कांदे, अर्धं लिंबू. डेअरीच्या उद्घाटनाला त्यांनीच फळीवर रंगवून भेट दिलेलं चित्र. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं आणि आता लोक त्यापुढं रडत होते.

"मास्तर, खरा हाय का ओ थेंब?" मागून बायनाबाईनं विचारलं. तिच्या खांद्यावर तीन वर्षांचा पंडित होता, हगवणीनं चिपाड झालेला. "याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यावं म्हनत व्हते मी."

"जिवंत हाय थेंब," मास्तर म्हणाले.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले होते, ते दोन दिवस उतरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बायनाबाई खिडकीखालीच बसलेली दिसली. पंडितचे डोळे खोल गेले होते.

"पाणी पाजलंस का?"

"महाराज म्हनले, थेंब पडंस्तोर पाजू नको. पडला की जुलाब थांबतेत. कवाची बघतेय, पडंना."

मास्तरांनी लाथेनं दार उघडलं. चित्राच्या डावीकडं तेवणारी समई उचलून उजवीकडं ठेवली. तांब्याची सावली जागची हलली नाही.

"चित्र आहे हे. मी काढलेलं," ते ओरडले. "दिव्याच्या बाजूला पांढरा ठिपका, पलीकडं उजेडाची रेघ, शेजारी सावली. झाला थेंब. एक डोळा झाकला की फळी सपाट आहे हे कळत नाही. म्हणून खिडकी, म्हणून एकच दिवा."

गहिनीनाथ मागच्या दारानं पसार झाला.

बायनाबाईनं थेंबावर बोट फिरवलं. कोरडं. मग तेच बोट पंडितच्या ओठांवर फिरवलं.

"मास्तर, तुमी म्हनले व्हते, जिवंत हाय."

मास्तरांनी मिळवलेली जीप अंबाजोगाईला पोचण्याआधीच पंडित गेला.

आता मास्तर दर वर्षी वर्गात थेंब काढायला शिकवतात आणि मग दिवा फिरवून दाखवतात. चमत्कार दिसला की दिवा फिरवा, दोन्ही डोळे उघडा, हात लावा. हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजत दवाखाना गाठा. आणि ज्याला खरं माहीत आहे, त्यानं त्याच दिवशी सांगावं. हे शेवटचं वाक्य मास्तर फळ्याकडं तोंड करून बोलतात.