कॅपला ओरखडा नको

जेवता जेवता ढमी थांबली, तोंडात बोट घातलं आणि ताटाच्या कडेला काहीतरी ठेवलं. साखरेच्या मोठ्या दाण्याएवढं. ते बघितलं आणि मावशीने हातातला घास ताटात ठेवला.

"परत?"

"परत," ढमी म्हणाली. "उकडलेला बटाटाच खात होते आई, शपथ. तोही कुस्करून."

मावशी म्हणजे ढमीची सख्खी आई. पण सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, म्हणून आपणही मावशीच म्हणू. बॅगा, सुटकेस आणि बूट-चपला दुरुस्त करायचं तिचं दुकान. घर दुकानाच्या मागेच. तोंडाने फटकळ, हाताने पक्की. "मी चिकटवलेलं सुटलं तर माझं नाव बदला," असं ती गिऱ्हाइकाला ऐकवायची आणि गिऱ्हाईकही मुकाट्याने ऐकून घ्यायचं.

आणि तिच्याच पोरीच्या दातावरचं ब्रॅकेट काही केल्या टिकत नव्हतं.

ढमी हे नाव लहानपणच्या गुटगुटीत गालांवरून पडलेलं. आता चोवीस वर्षांची झाली होती आणि अंगावर मांस शोधावं लागे. खालचा जबडा जन्मापासून मागे ओढलेला. डोळा लागला की जीभ घशात पडायची आणि श्वास बंद. मग गुदमरून, दचकून जाग यायची. झोप कसली, मेली झटापट ती. त्यामुळे दिवसभर पोर पेंगायची. कागद कापायच्या यंत्रावर बसल्या बसल्या डुलकी लागली. बोटं वाचली, नोकरी गेली. हृदयावर ताण येतोय हे तपासणीत दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी गोड बोलणं सोडलं. जबडा कापून पुढे आणायचा, दुसरा इलाज नाही.

त्यासाठी आधी दातांना तारा. दातादातावर एकेक ब्रॅकेट चिकटवायचं, त्यातून तार ओवायची आणि हाड कापलं की वरचा-खालचा जबडा त्याच तारांनी एकमेकांना बांधून ठेवायचा. बाकीच्या दातांवर ब्रॅकेटं बसली ती बसली. फक्त समोरचा एक दात हटून बसला. शाळेत असताना घसरगुंडीवरून पडून तो अर्धा तुटला होता. मोठेपणी त्यावर सिरॅमिकची कॅप घातली. आणि सिरॅमिक म्हणजे काचेची बहीण, तिच्यावर काही ठरेल तर शपथ.

तारांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "काकू, खऱ्या दाताला आम्ही साधं ॲसिड लावतो, त्याने दात खरबरीत होतो. कॅपवर ते चालत नाही. वरचा चकचकीत थर घासून काढावा लागेल, मग जहाल ॲसिड. दात पुन्हा असा दिसणार नाही. ब्रॅकेट काढताना टवकाही उडेल कदाचित."

"ओरखडा नको," मावशी म्हणाली होती. "रंग जुळेना म्हणून चारदा परत पाठवून घेतलीय मी ती कॅप. पोरीच्या अख्ख्या तोंडात बघण्यासारखं तेवढंच आहे."

"मग टिकेल याची खात्री नाही देता येणार."

"तुम्ही मन लावून चिकटवा, टिकेल. आम्हीही चिकटवतो की."

डॉक्टरीणबाई वयाने लहान. मावशीच्या तोंडापुढे त्यांनी हात टेकले आणि वरवर घासून ब्रॅकेट बसवलं. ते पडलं. पुन्हा बसवलं, पुन्हा पडलं. मागच्या खेपेला नेमकं तपासणीच्या खुर्चीत पडलं आणि ऑपरेशनची तारीख गेली. जबड्याचे डॉक्टर बाहेरगावचे, अधूनमधून येणारे. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी एक जरी ब्रॅकेट हललं तर तारीख दुसऱ्याला. माझ्याकडे माणसं ताटकळली आहेत."

ती पुढची वेळ म्हणजे उद्या सकाळ.

"डॉक्टरीणबाईंना फोन लावू?" ढमीने विचारलं.

"लाव. म्हणजे ती त्या मोठ्याला कळवेल आणि तो उद्या येऊच नका म्हणेल. मागच्या तारखेपासून तुझे ओठ बघ कसे निळसर दिसायला लागलेत. आणखी थांबायचं?"

"मग काय करायचं?"

"मी मेले का? चल दुकानात."

ढमीने एकवार आईकडे पाहिलं. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बोलायचं त्राण नव्हतं. शिवाय आईचं चिकटवलेलं सुटत नाही हे ती जन्मापासून ऐकत आली होती.

दुकानाच्या स्टुलावर तिला बसवलं. मावशीने चष्मा चढवला. बारीक पॉलिश पेपरचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि जिच्यावर ओरखडा नको म्हणून डॉक्टरांशी भांडली, तीच कॅप स्वतःच्या हाताने घासली. फार नाही, जीव धजेना. दात कापसाने कोरडा केला. ब्रॅकेट चिमट्यात धरलं, सुटकेसच्या कडेला लावतात त्या गमाचा थेंब सोडला आणि दाबलं.

"हलू नकोस. गिळू नकोस. श्वास घे, तेवढा मात्र घे."

ढमीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, गमाच्या वासाने की कशाने कोण जाणे. मावशीचा अंगठा ओठाला चिकटला. तो तेल लावून सोडवला तेव्हा थोडी साल निघाली, थोडं रक्त आलं. पण ब्रॅकेट घट्ट. मावशीने नखाने ओढून पाहिलं. ढिम्म हललं नाही.

"बघ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जबड्याच्या डॉक्टरांनी बारीक आकडीने एकेक ब्रॅकेट टोचून पाहिलं. समोरच्या दातापाशी आकडी आली तेव्हा मावशीने पर्सचा पट्टा असा पिळला की शिलाई उसवली. आकडी पुढे गेली.

"छान. जमलं की या वेळी," ते म्हणाले. "परवा ऑपरेशन. जाड तार घाला."

मावशीच्या जिवात जीव आला. ढमी डोळे मिटून हसली.

डॉक्टरीणबाईंनी तार ओवायला घेतली. एका बाजूने आली, समोरच्या दातापाशी अडली. पुन्हा घातली, पुन्हा अडली. त्यांनी दिवा खाली ओढला, भिंग लावलं आणि बराच वेळ वाकून राहिल्या.

"हे तिरपं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "कडेने पांढरं पांढरं काय आहे हे? हे मी लावलेलं नाही."

उघड्या तोंडाने ढमी पुटपुटली, "मी… मी लावलं."

"गप गं," मावशी म्हणाली. "आरशात बघून स्वतःचा भांग धड पाडता येत नाही हिला. मी लावलं. दुकानातल्या गमाने."

जबड्याचे डॉक्टर हातमोजे काढत होते, तसेच थांबले. ओरडले असते तर मावशीने सोसलं असतं. ओरडणाऱ्यांना ती पुरून उरायची. ते ओरडले नाहीत.

"बाई, हाड कापून झालेलं असतं. तोंड तारांनी बांधलेलं. थुंकायची सोय नाही. अशा वेळी हा तुकडा सुटून श्वासनळीत गेला असता तर? जो श्वास वाचवायला आलात, तोच बंद केला असता तुम्ही."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. सुटकेसचा गम. कोमट पाण्यात दोन दिवसांत फुगून सुटतो, हे तिला ठाऊक होतं! गिऱ्हाइकाला ती स्वतः सांगायची, ओलं करू नका म्हणून. आणि तोंडाइतकं ओलं दुसरं काय असतं? काल हे डोक्यात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तिने ते ढकलून दिलं होतं.

"पुढच्या पेशंटला कळवा," ते नर्सला म्हणाले.

"डॉक्टरसाहेब." मावशी उठली. आयुष्यात तिने कोणापुढे मान वाकवली नव्हती, त्यामुळे कशी वाकवतात हेही तिला नीट येत नव्हतं. हात जोडले ते दार अडवल्यासारखे दिसले. "शिक्षा मला करा. काय वाट्टेल ते करा. हिची तारीख काढू नका. ही पुढच्या तारखेपर्यंत… साहेब, ही झोपली की मी नुसती छातीकडे बघत बसते. आता नाही होत माझ्याच्याने."

डॉक्टरीणबाईच मध्ये पडल्या. "सर, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. या खेपेला पूर्ण पद्धतीने करते. चूक माझीही आहे. यांचं ऐकून मी अर्धवट केलं."

"मी निघायच्या आधी. आणि ओढून मी बघणार."

ते गेले. डॉक्टरीणबाई मावशीकडे वळल्या. "काकू, कॅप वाचेल असं धरून चालू नका."

"फोडा," मावशी म्हणाली. "जाळा. काय करायचं ते करा."

गमासकट ब्रॅकेट उपटताना कट असा आवाज झाला आणि कॅपच्या कोपऱ्याचा टवका उडाला. ढमी कळवळली. मग दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवला, हिरडीवर जाड लेप दिला. "या ॲसिडचा थेंब हिरडीला लागला तर भाजून निघेल, डोकं धरून ठेवा," त्या म्हणाल्या. मावशीने दोन्ही तळव्यांत लेकीचं डोकं धरलं. यंत्राने चकचकीत थर खरवडला गेला, पांढरी पूड उडाली. ॲसिडचं लाल जेल लागलं. ढमीला पेंग यायला लागली, रबराखाली श्वास घरघरला, आणि मग थांबला.

"ढमे! ए ढमे! जागी राहा! मेल्ये, आत्ता नको झोपूस!"

डॉक्टरीणबाईंचा हात जागचा हलला नाही. ढमीने मोठ्ठा श्वास ओढला. जेल धुतलं तेव्हा ती कॅप, चारदा परत पाठवून रंग जुळवलेली, खडूसारखी निस्तेज पांढरी झाली होती. त्यावर पाण्यासारखं काहीतरी लावलं, सुकवलं, मग गोंद, मग ब्रॅकेट, मग गोंद कडक करायला निळा दिवा. मावशीने एक शब्द काढला नाही. गल्लीतल्या कोणी पाहिलं असतं तर हीच का ती म्हणून विचारलं असतं.

जबड्याचे डॉक्टर कोट घालूनच आले. बसले नाहीत. आकडी अडकवून त्यांनी ओढलं. मग पक्कड मागितली आणि पुन्हा ओढलं, असं की ढमीचं डोकं खुर्चीवरून उचललं गेलं. ब्रॅकेट हललं नाही. त्यांनी तिसऱ्यांदा ओढलं. मावशीला वाटलं, आता हा माणूस दातच काढणार.

"तार घाला," ते म्हणाले. "परवा सकाळी उपाशीपोटी आणा. आणि बाई, तोवर हिच्या तोंडाला हात लावू नका."

"नाही लावणार," मावशी म्हणाली.

तार सरळ बसली. डॉक्टरीणबाईंनी आरसा पुढे केला. ढमीने ओठ वर करून पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. कोपरा तुटलेला, दात मेणकट पांढरा, वर लोखंडाचा ठिपका.

"वाईट दिसतंय ना गं आई?"

मावशी खोटं बोलायला तयारच होती. जीभ हलेना.

"हो," ती म्हणाली. "फार वाईट दिसतंय."

ढमी हसली. तोंड पूर्ण उघडून हसली, तुटक्या कोपऱ्यासकट. मावशीने पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. परवा या पोरीचं हाड कापणार होते.