दुखवट्याचे डोळे

कुलसुम रडत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दुबईतल्या आपल्या माणसांपैकी एकालाही ते पटत नव्हतं.

तिच्या पापण्या उतरल्या होत्या, एवढंच. चाळिशीनंतर आधी भुवया खाली आल्या, मग वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन डोळ्यांवर लोंबायला लागली आणि पन्नाशी गाठेपर्यंत डोळ्यांच्या जागी दोन फटी उरल्या. त्यांच्या कडा सदा ओलसर. तिच्या आईचं असंच होतं, आजीचंही. पण त्या दोघी दाभोळजवळच्या गावात जन्मल्या आणि तिथंच मेल्या. गावाला त्यांचे डोळे माहीत होते नि त्यांच्या जिभाही माहीत होत्या, त्यामुळे त्यांची कीव करायला कुणी धजावत नसे.

इथली गोष्ट वेगळी. कुलसुमचा नवरा वली ‘बर दुबई’ नावाच्या वस्तीत शिंपीकाम करायचा, खोराच्या, म्हणजे तिथल्या खाडीच्या, काठापासून हाकेच्या अंतरावर. चौसष्ट साली तो तापानं गेला. माणसं दुखवट्याला आली, रीतीप्रमाणे बसली. विधवेनं पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली. आता माणसं यायची थांबायला हवी होती, पण थांबली नाहीत. मुंबईची बोट लागली की रत्नागिरी-कुलाब्याकडचा कुणी ना कुणी उतरायचा, गावाकडचं पत्र आणि आमसुलांची पुडी घेऊन तिच्या दारात यायचा, तिचं तोंड बघायचा आणि मुकाट्यानं चपला काढून खाली बसायचा. सबर करा म्हणायचा. हात उचलून फातिहा वाचायचा. वलीला जाऊन तीन वर्षं होत आली तरी त्याचा दुखवटा काही संपेना.

सुरुवातीला कुलसुम सांगून बघायची, की बाबा रे, मी रडत नाही, माझी कातडीच अशी आहे. ऐकणारा आणखीच हळहळायचा. बाई किती सोसते आणि वर लपवते! शेवटी तिनं सांगायचं सोडून दिलं. सोडण्याचं खरं कारण मात्र तिच्या पोटातच राहिलं. नुसतं पत्र द्यायला आलेला माणूस दारातूनच परत फिरतो. दुखवट्याला आलेला तासभर बसतो, चहा घेतो, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं सांगतो. याला लबाडी म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण आधी एका खोलीत शिलाईच्या मशीनशी बोलत तीन वर्षं काढा आणि मग म्हणा.

गावी परत जायचं म्हटलं तर तिथं दिरांच्या चुलीशी जाऊन बसायचं होतं. इथं निदान हाताला काम होतं, आणि रफिक होता. रफिक तिचा एकुलता एक मुलगा, तेवीस वर्षांचा, अबूधाबीच्याही पलीकडे जबल धन्नाला तेलकंपनीच्या कॅम्पात कामाला. तिथून दुबईला यायला धड रस्ता नव्हता. ट्रकमागे बसून वाळू खात दीड दिवस यायचं. त्याच्या बरोबरीची मुलं सहा सहा महिने कॅम्प सोडत नसत, पण रफिक दर दोन महिन्यांनी दोन दिवस काढून यायचाच. माझ्या मुलाला माझी ओढ आहे, असं कुलसुम येईल त्याला सांगायची. त्या दोन दिवसांच्या आधी चार दिवस तयारीत जायचे आणि नंतरचे चार आठवणीत. उरलेले दिवस तिला खायला उठायचे.

सदुसष्टच्या जानेवारीच्या शेवटी रफिक आला तो घुश्शातच. हातपाय धुऊन जेवायला बसला, पण घास काही उचलेना. कॅम्पात गावचा एक नवा माणूस लागला होता. त्यानं मेसमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की रफिकची आई अजून दिवसरात्र रडते, बघवत नाही.

"सगळे माझ्याकडे बघायला लागले," रफिक म्हणाला. "जशी काही मीच तुला रडवतो."

"मी रडत नाही, रफिक."

"मग कातडी आहे ना नुसती? कापून टाकू. खलास. बहरीनहून सर्जन आलाय इथं, महिनाभर राहणार आहे. मी पत्ता काढलाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला नेलं. सर्जन इंग्रज होता, उंच आणि सावकाश बोलणारा. त्यानं बोटानं तिच्या भुवया वर उचलून धरल्या, कातडी चिमटीत पकडून मोजली आणि मरियमबी नावाच्या रत्नागिरीकडच्या नर्समार्फत सांगितलं, की पापणीवरची जास्तीची पट्टी कापायची, भुवईच्या वर दुसरी बारीक पट्टी काढून भुवई उचलून घ्यायची आणि टाके घालायचे. कुलसुमला यात अवघड काही वाटलं नाही. सैल झालेला झगा अंगाबरोबर करावा तसंच हे. पण शेवटी डॉक्टरनं जे विचारलं त्यानं ती अडकली. तुम्हाला दिसायला त्रास होतो म्हणून हे करायचंय, की बरं दिसावं म्हणून? रफिकनं घाईनं काहीतरी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरनं हात वर करून त्याला थांबवलं आणि तो तिच्याकडे बघत राहिला. विचार करून सांगते, असं म्हणून ती उठली. रफिक परतीच्या ट्रकमध्ये बसेपर्यंत तिच्याशी धड बोलला नाही.

हाच प्रश्न तिला हव्वाबीनं केला. हव्वाबी मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण शिकवायची, आणि तिच्या कानावर गोष्ट जायला उशीर लागत नसे. अल्लाहनं दिलेला चेहरा हौसेखातर कापणं बरं नाही, पण गरज असेल तर हरकत नाही, असं तिनं सांगितलं आणि गरज आहे की हौस, हे तुझं तूच ठरव म्हणाली. कुलसुमनं मान डोलावली. दिसण्याचा त्रास थोडा होता, मान मागे टाकून बघितलं की भागायचं. नटण्याची हौस तर वलीबरोबरच गेली होती. खरं तर तिला काही करायचंच नव्हतं. मुलगा रागावलाय तर दोन महिन्यांनी येईल तेव्हा शांत होऊन येईल, असा तिनं मनाशी हिशेब केला.

आठवड्यानं हमीद आला. हा रफिकचा कॅम्पातला सोबती, पंपाचे पार्ट घ्यायला दुबईला आलेला. रफिकनं दिलेली खजुराची पिशवी त्यानं तिच्या हातात ठेवली, बसला, जरा घुटमळला, आणि मग म्हणाला, "चाची, एक गोष्ट सांगू? रफिकला मी बोललो हे कळू देऊ नका."

कंपनीनं रफिकचं नाव बहरीनच्या ट्रेनिंगसाठी घातलं होतं. दोन वर्षं. तिथून परत आला की ऑपरेटर, पुढं फोरमन. आपल्या माणसांत असं आजवर कुणाला मिळालं नव्हतं. सुट्टी वर्षातून एकदा, तीही मिळाली तर. कंपनीनं दोनदा विचारलं आणि दोनदा रफिकनं नाही म्हटलं. आता तिसऱ्यांदा विचारलं होतं. पुढच्या महिनाअखेरपर्यंत उत्तर दिलं नाही तर जागा एका पालघाटवाल्याला जाणार होती.

"मी भांडलो त्याच्याशी," हमीद म्हणाला. "तर म्हणतो, आईचे डोळे आठवले की पाय उचलत नाही."

हमीद गेल्यावर कुलसुमनं आरसा घेतला. दोन बोटांनी दोन्ही भुवया वर ओढून धरल्या. आरशात एक भलतीच बाई दिसली, टवटवीत, खाऊनपिऊन सुखी. या बाईकडे कोण तासभर बसेल? या बाईसाठी दीड दिवस वाळू खात कोण येईल? तिनं बोटं सोडली आणि आपला चेहरा परत आला तसं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. रफिकला माझी ओढ आहे, असं तीन वर्षं जगाला सांगत होती ती. ओढ असेलही. पण दर दोन महिन्यांनी त्याला कॅम्पातून खेचून आणत होती ती ही लोंबती कातडी. ती कापली की रफिक सुटणार होता.

आठ दिवस ती गप्प राहिली. कुणी काही विचारणार नव्हतं. महिना संपला असता, सर्जन गेला असता, जागा पालघाटवाल्याला मिळाली असती, आणि रफिक दर दोन महिन्यांनी येत राहिला असता. सोपं होतं. नवव्या दिवशी पक्कं करून टाकावं म्हणून ती रफिकला पत्र लिहायला बसली. चार यत्ता उर्दू शिकलेली, अक्षर अजून बरं होतं. "डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला हे झेपणार नाही," एवढं लिहिलं आणि तिचा हात थांबला.

आजवर तिनं रफिकला खोटं सांगितलं नव्हतं. मी रडत नाही, हे खरंच होतं. तिचं तोंड खोटं बोलत असेल, पण तोंड तिनं घडवलं नव्हतं. हे पत्र मात्र तिच्या हातचं होतं. तिला स्वतःचा राग आला, मग वलीचा आला, तो आधी गेला म्हणून. मग तिनं पत्र चुलीत घातलं, बुरखा चढवला आणि चालत हॉस्पिटलात गेली. मरियमबीला म्हणाली, साहेबांना सांग, गरज आहे. कुणाची ते लिहू नका.

सुया टोचून डोळ्यांभोवतीची जागा बधिर केली होती. कात्रीचा आवाज तिला ऐकू आला, तो तिच्या ओळखीचा होता. पाच दिवसांनी पापण्यांचे टाके निघाले, आणखी चार दिवसांनी भुवयांचे. सूज उतरली, काळंनिळं पिवळं होऊन विरलं. मोहल्ल्यातल्या बाया येऊन बघून गेल्या. दहा वर्षांनी लहान झालीस म्हणाल्या, आणि घरी कामं पडलीत म्हणून उठल्या. त्या पंधरवड्यात मुंबईची बोट लागली. गावचा एक माणूस पत्र घेऊन आला, तिच्याकडे बघून माशाल्ला, तुमचं इथं छान चाललंय म्हणाला, आणि उंबऱ्यावरूनच गेला.

मग रफिक आला. दारात उभा राहून बघतच राहिला. वाळूनं भरलेल्या तोंडावर हसू फुटलं. "आई, तू तर हसतेयस," तो म्हणाला. कुलसुम हसत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती. तरी मग हसली. त्या दिवशी तो दोन माणसांचं जेवला. जेवण झाल्यावर, आत्ताच आठवल्यासारखं करून, त्यानं बहरीनची गोष्ट काढली, आणि कुलसुमनं ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली. जा म्हणाली. त्यात विचारायचं काय, म्हणाली. तो उशिरापर्यंत पंपांचं आणि मशिनांचं सांगत होता. एवढं बोलताना तिनं त्याला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं, आणि आता त्याचं तोंड तिला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लख्ख दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. रफिकनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेला आणि परत आला. पिशवी खाली ठेवून त्यानं तिचे दोन्ही खांदे धरले.

"खरं सांग. एकटीला करमेल ना तुला?"

असं त्यानं याआधी कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती, उत्तर तिच्या तोंडावर टांगलेलं असायचं. तिला म्हणायचं होतं, नको जाऊस. निदान उद्या जा. तिनं डोळे उघडे ठेवले.

"करमेल की," ती म्हणाली. "यल्ला, नीघ. ट्रकवाला खोळंबलाय."

रफिकनं तिच्या डोळ्यांत नीट निरखून पाहिलं, एकदा उजव्या, एकदा डाव्या. मी रडत नाही, असं तिनं शंभरदा खरं सांगितलं होतं तेव्हा त्याला पटलं नव्हतं. हे मात्र लगेच पटलं. त्यानं पिशवी उचलली आणि तो शीळ घालत गल्लीतून निघून गेला.